भारीतलं चायनीज, आणि मेनूकार्डाचं मागचं पान

नाव टाकत नाही, आधीच सांगतो. मालक आमच्या चुलत्यांच्या ओळखीतले आणि खाली दोन-चार गोष्टी अशा लिहिल्यात की नाव टाकलं तर चुलत्यांचा फोन आलाच म्हणून समजा. शहरातच आहे, हायवेला नाही, आत ड्रॅगन नाही, लाल कंदील नाहीत, सगळं काळं-राखाडी, टेबलावर कापडी नॅपकिन आणि एसी एवढा की वहिनींनी अर्ध्या जेवणातच पदर अंगाभोवती घेतला. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

कोल्हापुरात चायनीज म्हटलं की डोळ्यासमोर गाडा येतो. भट्टीसारखा आवाज करणारा बर्नर, लोखंडी कढई, शेजारी प्लास्टिकच्या डब्यात लालभडक शेजवान, आणि समोर मोटरसायकलवर बसूनच ट्रिपल राईस हाणणारी पोरं. दीडदोनशेत दोघांचं पोट भरतं. मग माणशी हजार-बाराशे घालून टेबलावर बसून तेच का खायचं हा दादाचा प्रश्न, आणि प्रश्न बरोबरच आहे. माझं उत्तर असं की मेनूकार्डाची पुढची पानं बघून मागवणार असशील तर खाऊच नकोस, गाड्यावर जा, तिथं जास्त चांगलं मिळतं. पण त्या कार्डाला एक मागचं पान आहे. तिथं फोटो नाहीत, नावं वाचता येत नाहीत म्हणून आपली माणसं तिथवर जातच नाहीत. खरे पैसे त्या पानाचे आहेत.

पुढच्या पानांवर काय आहे ते सगळ्यांना माहितीच आहे. मंचुरियन, चिली, शेजवान, हाक्का, मंचाव, क्रिस्पी, ड्रॅगन. हे सगळं आपलंच हो, चीनमध्ये जाऊन मंचुरियन मागितलं तर कुणी आणून देणार नाही. कलकत्त्यात हाक्का नावाच्या चिनी लोकांची जुनी वस्ती, आधी टिरेट्टा बाजार मग टँगरा, चामड्याच्या धंद्यातली माणसं, त्यांच्या स्वयंपाकातनं ही गाडी सुरू झाली. आणि मंचुरियनचं श्रेय देतात ते नेल्सन वांग यांना, कलकत्त्याहून मुंबईला आलेले, १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात कुणीतरी काहीतरी वेगळं करा म्हटलं तर त्यांनी आलं-लसूण-हिरवी मिरची परतली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला, चिकन कॉर्नफ्लोअरमधनं तळून त्यात टाकलं, झालं मंचुरियन. म्हणजे पन्नासच वर्षांचा पदार्थ, आणि आज आमच्या गल्लीतल्या लग्नात पंगतीत असतो.

तर ते मंचुरियन इथं ३६० रुपयाला आहे. आम्ही मागवलं, कारण पुतण्याला पाहिजे होतं. रंग तपकिरी, म्हणजे लाल रंग घातलेला नाही हे बरं. २०२४ मध्ये गोव्यात म्हापशाच्या पालिकेनं गोबी मंचुरियनच बंद केलं आणि नंतर कर्नाटक सरकारनं त्यातल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली तेव्हापासनं आई गाड्याकडं बघूनच नाक मुरडते, तिनं इथला रंग बघून मान डोलावली. पण चवीत काय? काही नाही. गोळा मऊ, ग्रेव्ही घट्ट, वरनं कांद्याची पात. गाड्यावरच्याला निदान जाळाचा वास तरी असतो.

हीच गोष्ट फ्राईड राईसची. फ्राईड राईसला खरी मजा येते ती धुराच्या वासानं, कढई लालबुंद तापलेली पाहिजे, भात आदल्या वेळचा, सुटा, थोडा कोरडा, आणि एका वेळी एक-दोन प्लेटीच, जास्त टाकला की कढई थंड होते आणि भात परतायच्या ऐवजी वाफेवर शिजायला लागतो. दक्षिण चीनमधल्या कँटनकडची माणसं ह्या वासावरनं आचारी जोखतात. इथं भात बहुतेक मोठ्या घाण्यात केलेला असावा कारण आम्ही ऑर्डर दिल्यावर पाच मिनटात हजर, ते पण सूपच्या आधी, आणि कोमट. ३२० रुपये. परत पाठवला तर गरम करून आणला, पण मायक्रोवेव्हचा गरम आणि कढईचा गरम ह्यात फरक असतोय, तो लपत नाही.

आता मागचं पान.

सुरवात डिमसमनं करा, म्हणजे सारण भरून वाफवलेले छोटे घास. हे दुपारी साडेबारा ते साडेतीन एवढंच मिळतं, रात्री नाही, म्हणून आम्ही मुद्दाम दुपारीच गेलतो. वेताच्या टोपलीत चार-चार नग, ३८० पासनं पुढं. कोळंबीचं जे आहे, हार गाव म्हणतात त्याला, ते घ्याच. वरचं आवरण काचेसारखं, आतली कोळंबी गुलाबी दिसते. बायको म्हणाली तांदळाची उकड असणार, आईचा शुक्रवार होता त्यामुळं तिनं ते खाल्लं नाही, पण तिच्या व्हेज डिमसमला तसंच आवरण होतं, ते बोटानं दाबून बघितलं आणि म्हणाली, "ह्यो चीक हाय गव्हाचा." आणि बरोबर निघालं. गव्हातला चिकट भाग काढून उरलेलं सत्त्व आणि त्यात थोडा टॅपिओका स्टार्च, उकळत्या पाण्यात मळायचं आणि गरम असतानाच लाटायचं, थंड झालं की तुटतं. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढणाऱ्या बाईला कॅप्टननं, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्यानं, काय सांगायचं होतं, तिनंच त्याला सांगितलं. आवरण जाड असलं की दाताला रबरासारखं लागतं, इथं पातळ होतं, एकही फुटलेलं नव्हतं, कोळंबी पण करकरीत. किचनमध्ये कुणीतरी हात बसलेला माणूस आहे हे ह्या एका टोपलीवरनं कळलं.

सूपवाले डंपलिंग पण आहेत. आत रस्सा कसा भरतात हे पुतण्याला पडलेलं कोडं. भरत नाहीत, हाडांचा स्टॉक आटवून थंड केला की त्याची जेली होते, ती जेली कापून सारणात घालतात, वाफेवर ती वितळते. चमच्यात ठेवून बाजूनं भोक पाडायचं, आधी रस्सा प्यायचा, मग बाकीचं. दादानं अख्खं तोंडात टाकलं आणि मग जे झालं ते मी लिहीत नाही, आजूबाजूला पाव्हणेमंडळी होती. चव ठीक, पण रस्सा कमी पडला. सोबत काळं व्हिनेगर आणि आल्याचे बारीक धागे देतात, ते मात्र फसवं नाही, तांदळापासनं केलेलं खरं काळं व्हिनेगर, गोडसर आंबट वासाचं. नेहमीच्या पांढऱ्या व्हिनेगरात सोया सॉस ओतून पण देतात लोक.

दुसरी गोष्ट, वाफवलेला मासा. ११५० रुपये, ऐकून दादानं कार्ड मिटलं. अख्खा जिताडा, डोक्यासकट, वर आल्याचे आणि पातीचे धागे, मासा वाफेतनं काढला की त्यावर हलका सोया सॉस आणि शेवटी धूर निघेपर्यंत तापवलेलं तेल टेबलासमोरच ओततात, चर्र करून आवाज येतो आणि आलं-पातीचा वास सगळीकडं. मसाला शून्य. लाल काही नाही. म्हणूनच बघा, मासा शिळा असला तर ह्यात लपायला जागाच नाही, तळलेल्यात आणि रश्श्यात खपून जातं. आमचा मासा ताजा होता, काट्यापासनं मांस नुकतं सुटत होतं. इथं वहिनींनी कॅप्टनला विचारलं, जरा तिखट करून मिळेल का. मी हात जोडले. अहो, तांबड्याच्या शेजारी पांढरा रस्सा वाटीवाटीनं पिणारी माणसं आपण, पांढऱ्यात पण चव असते हे आपल्याला कुणी नव्यानं सांगायला पाहिजे का?

आणि हीच ह्या हॉटेलची खरी अडचण. शेजारच्या टेबलावर आठ-दहा जणांचं एक कुटुंब बसलं होतं, त्यांनी जे येईल ते परत पाठवलं, "तिखट नाही, कोल्हापुरात हायसा, जरा जाळ काढा की." कॅप्टन बिचारा हसत हसत न्यायचा आणि त्याच डिशवर शेजवान सॉसचा चमचा फिरवून परत आणायचा. नंतर मी त्याला विचारलं तेव्हा कळलं की दहातले आठ जण हेच सांगतात म्हणून आता किचन न विचारताच बऱ्याच डिशमध्ये शेजवान घालून देतं, अगदी मागच्या पानावरच्या सुद्धा. जशी मुळात असते तशी पाहिजे असेल तर ऑर्डर देताना तसं स्पष्ट सांगावं लागतं. हे आम्हाला योगायोगानं कळलं, तुम्ही आधीच सांगा. तीन शब्द बोलायचे, "बदल न करता." ह्या तीन शब्दांवर तुमचं जेवण ठरणार आहे.

आता गंमत अशी की ज्यांना तिखटच पाहिजे त्यांच्यासाठी पण खरी गोष्ट मागच्याच पानावर आहे. सिचुआन. शेजवान म्हणून आपण जे खातो ती लसूण आणि लाल मिरचीची तेलातली चटणी, छान असते, मी ब्रेडला लावून पण खातो, पण चीनच्या सिचुआन प्रांतातल्या स्वयंपाकाशी तिचं नातं फार लांबचं. भारतात तिकडचं जेवण आणलं ते मुंबईच्या ताजमधल्या गोल्डन ड्रॅगननं, १९७३ साली. आपल्याकडं तिथनं खाली येता येता मिरची राहिली आणि जी मुख्य गोष्ट ती मागं पडली. ती म्हणजे सिचुआन मिरी.

चोंगकिंग चिकन मागवलं, ५२० रुपये. ताटभर सुक्या लाल मिरच्या आणि त्यात लपलेले सुपारीएवढे चिकनचे कुरकुरीत तुकडे. मिरच्या खायच्या नसतात, तुकडे शोधून खायचे. दादानं मिरच्या पण खाल्ल्या, म्हणाला ब्याडगी हाय, कायबी होत न्हाई. पण तुकड्यांबरोबर ती मिरीची टरफलं गेली आणि मिनटाभरात त्याचा चेहरा बदलला. "माझी जीभ गेली रे," म्हणाला. हात ओठाला लावून बघतोय. वहिनी घाबरल्या, ऍलर्जी म्हणून गोळी शोधायला लागल्या पर्समध्ये. काही नाही झालेलं, ती मिरी तशीच असते, तिखट लागत नाही, झिणझिण्या आणते. त्यात सॅनशूल नावाचं द्रव्य असतं, ते स्पर्शाच्या नसांनाच फसवतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१३ मध्ये माणसांच्या ओठांवर ही मिरी लावून तपासलं तर सेकंदाला साधारण ५० वेळा थरथरल्यासारखी जाणीव होते असं निघालं. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, मग मोबाईल व्हायब्रेटवर ठेवल्यागत होतंय ते बरोबरच हाय.

पण हे आपल्याला परकं नाही बरं का. घाट उतरून खाली गेलं की तिरफळ आहे, बांगड्याच्या तिखल्यात घालतात ते. तिरफळ आणि सिचुआन मिरी एकाच कुळातली, झँथोझायलम. दोन्हीत आतली काळी बी टाकून द्यायची आणि वरचं टरफल वापरायचं. बायको मालवणची, तिनं पहिल्या घासाला ओळखलं, "ही तर तिरफळाची बहीण." फक्त तिरफळ आपण रश्श्यात अख्खं टाकतो आणि बाजूला काढतो, हे लोक टरफलं अशी खाण्यातच ठेवतात, नाहीतर भाजून पूड करतात आणि मिरचीच्या तेलात घालतात. तिला ते एवढं आवडलं की शेवटी तळाच्या मिरच्या उकरून ती टरफलं वेचून खात होती.

मापो टोफू पण ह्याच पानावर, ४६०. सिचुआनमधल्या छेंग्दू शहरातल्या एका खानावळवाल्या बाईच्या नावावर असलेला पदार्थ, १९ व्या शतकातला. मुळात त्यात मांसाचा खिमा असतो, इथं चिकनचा घालतात, आईसाठी मशरूम घालून व्हेज करून दिला. मऊ टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, आंबवलेल्या मिरचीची आणि मोठ्या वालासारख्या दिसणाऱ्या ब्रॉड बीन्सची पेस्ट, वर तेलाचा लाल तवंग, मिरीची पूड. तवंग बघून सगळे खूश झाले. आई पहिला घास घेऊन म्हणाली पनीर कच्चं राहिलंय. मग भाताबरोबर खा म्हटलं, साध्या पांढऱ्या वाफवलेल्या भाताबरोबर, आणि तिनं वाटी संपवली. हा पदार्थ नुसता खायचा नाहीच, आणि फ्राईड राईसबरोबर तर अजिबात नाही. माझ्या मते टेबलावरची सगळ्यात चांगली डिश हीच. मिरचीचा तिखटपणा आधी येतो आणि झिणझिण्या मागनं येतात, त्यामुळं पुढचा घास आधीच्यासारखा लागत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी एक सांगायचंय, आणि हे कुठल्याही चायनीजमध्ये लागू. व्हेज डिश म्हणजे व्हेजच असं धरून चालू नका. लसूण घालून परतलेल्या पालेभाज्यांत ऑयस्टर सॉस घालायची पद्धत आहे, तो कालवांचा असतो. सूपचा स्टॉक चिकनचा असू शकतो. नूडल्समध्ये अंडं असतं. आम्ही एकेक करून विचारलं, कॅप्टन किचनमध्ये जाऊन विचारून आला, भाजीत ऑयस्टर सॉस होता, तो काढून मशरूमचा घातला. न विचारता सांगितलं नसतं. एवढ्या भावाच्या हॉटेलात हे कार्डावरच लिहायला पाहिजे. ती भाजी म्हणजे पाकचोय, ३४० रुपये, करकरीत होती, बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही.

वहिनींनी अजिनोमोटो घालू नका म्हणून सांगितलं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी गप्प बसलो, पण अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेट, आणि ते सोया सॉसमध्ये पण असतं, टोमॅटोत पण असतं, १९०८ मध्ये जपानी प्राध्यापक इकेदांनी ते समुद्री शेवाळातनं वेगळं काढलं एवढंच. सोया सॉसची बाटली संपवून अजिनोमोटो नको म्हणायचं ह्याला काय अर्थ आहे.

हॉट अँड सावर सूप दोन तऱ्हेचं मिळतं हे पण कॅप्टनकडनंच कळलं. पुढच्या पानावरचं मिरचीचं, आणि मागचं काळ्या व्हिनेगरचं आणि पांढऱ्या मिरपुडीचं, मुळातलं ते हेच. मागचं प्या, सर्दी झालेली असेल तर दोन प्या. पेकिंग डक, म्हणजे अख्खं भाजलेलं बदक, पण आहे, आदल्या दिवशी सांगावं लागतं, आम्ही सांगितलं नव्हतं. एका टेबलावर आलं तेव्हा लांबनं बघितलं, कातडी चकाकत होती, पण कापणारा पोरगा भलताच घाबरून कापत होता. गोडात डार्सान, मधातल्या तळलेल्या पट्ट्या आणि आईस्क्रीम, पुतण्या खूश, बाकीच्यांना जास्त गोड.

सर्व्हिसचं म्हणाल तर माणसं गोड आहेत, पोरं बरीचशी नेपाळ-दार्जिलिंगकडची, मराठी शिकलीत, आईला काकू काकू करत होती. पण पद्धत नाही. सगळं एकदम आणून टेबलावर ठेवतात आणि मग अर्धं गार होतं. मासा वाफेवरचा, तो तरी स्वतंत्र आणावा. साधं पाणी मागितलं तरी आधी बाटली उघडायला बघतात, "साधं" दोनदा म्हणावं लागलं. जास्मिन टी घेतला तर केटलीत गरम पाणी परत परत घालून देतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत, हे मात्र छान, तेलकट खाण्याबरोबर कोल्ड्रिंकपेक्षा तोच घ्या.

बिल पाच मोठे आणि एक पोरगं मिळून ६ हजारांच्या आसपास. त्यात जीएसटी ५ टक्के, तो ठीक, तो द्यायचाच. पण त्याच्या वर ७ टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. हा द्यायची सक्ती नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच सांगितलंय की हॉटेलनं तो आपणहून बिलात घालू नये, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं पण तेच उचलून धरलं. दादा आवाज चढवायच्या बेतात होता, मी शांतपणे काढा म्हटलं, दोन मिनटात नवीन बिल आलं, कुणी वाकडं तोंड केलं नाही. मग तेवढेच पैसे त्या वाढणाऱ्या पोराच्या हातात दिले.

परत जाणार का? मी जाईन, पण चारच गोष्टी मागवीन: कोळंबीचे डिमसम, मासा, मापो टोफू, साधा भात. तिघांत चार गोष्टी, अडीच हजाराच्या आत बसतं. दादा म्हणतो तो गाड्यावरच जाणार, वहिनी म्हणतात चोंगकिंग पार्सल आणा. पार्सल आणू नका, डब्यात वाफ धरते आणि कुरकुरीत राहत नाही.

रविवारी रात्री जाऊ नका, बाहेर अर्धा-पाऊण तास उभं करतात. गाडी लावायला जागा सात-आठच चारचाकींची, बाकी रस्त्यावर आणि टोइंगवाले फिरत असतात. सोमवारी बंद. डिमसमसाठी जाणार असाल तर दोनच्या आत पोचा, कोळंबीचे आधी संपतात, आणि फोन करताना मागच्या पानावरचा शेफ आज आहे का एवढं विचारून घ्या, तो सुट्टीवर असला की त्या पानावरचं निम्मं मिळत नाही.